करकोच्यांचं घरटं आणि सशाचं झाड

एका जंगलात, बाळांनो, बाहेरून येणाऱ्यांचं फार कौतुक होतं. वेशीवर माकडं फुलं घेऊन उभी असत. "या, आपलंच जंगल समजा," असं ती प्रत्येकाला म्हणत. बाहेरचे बिचारे खरंच तसं समजत. तिथेच सगळा घोटाळा होई.

कारण त्या जंगलाचा एक कायदा होता. परक्याने झाडावर राहावं, झाडाला पाणी घालावं, झाडाची तारीफ करावी. पण झाड त्याच्या नावावर होणार नाही. माकडं फुलं देताना हे सांगत नसत. फुलं देण्यातून सवड मिळत नसेल त्यांना.

त्या जंगलात दूरच्या दलदलीतून एक करकोचा आणि त्याची बायको आली. त्याचं नाव धवलराव, तिचं शुभ्राबाई. दोघांना तिथलं ऊन आवडलं, बेडूक तर फारच आवडले. त्यांनी सावरीचं एक उंच झाड पसंत केलं.

"झाड कुणाच्या तरी नावावर घ्यावं लागेल," कोल्हेवकील म्हणाले. "इथल्याच कुणाच्या तरी."

धवलराव हुशार होते. हुशार माणसं फसतात ना, तसे करकोचेही फसतात. त्यांनी खूप विचार करून दुर्वेकर नावाचा ससा निवडला.

"अहो, पण ससाच का?" शुभ्राबाईंनी विचारलं.

"अगं, त्याला झाडावर चढता येत नाही. जो चढूच शकत नाही, तो घरटं काय बळकावणार?"

शुभ्राबाईंना हे पटलं. तुम्हालाही पटलं ना? म्हणूनच तुम्ही अजून लहान आहात.

दुर्वेकर तसा भला ससा होता. "दादा, झाड तुमचंच. माझं आपलं नाव," असं तो म्हणायचा आणि ते मनापासून म्हणायचा. दोघा नवराबायकोंनी काटकी काटकी जमवून असं घरटं बांधलं की रानातले पक्षी बघायला येत.

एक दिवस कोल्हेवकील झाडाखाली आले.

"धवलराव, मृत्युपत्र करून टाका. आपल्याकडे ते डरकाळी फोडून सांगावं लागतं. तरच ते खरं."

आता करकोच्याला आवाजच नसतो, बाळांनो. तो चोच वाजवतो, टक टक टक. डरकाळी कुठून आणणार?

"त्याची सोय आहे," वकील म्हणाले. "एक म्हातारा वाघ आहे. तो दुसऱ्यांसाठी फोडून देतो."

"माझं मृत्युपत्र झालंय हो," धवलराव म्हणाले. "तिकडे, दलदलीत. सगळ्या पंचांसमोर चोच वाजवून सांगितलंय. सगळं हिला. आणि आम्ही इथे कायमचे थोडेच आहोत? पुढच्या हंगामात परत जायचंच आहे."

हे वाक्य ते दर हंगामात म्हणत. परमुलखात राहणाऱ्या सगळ्यांना हे वाक्य येतं. बाकी तिथली भाषा येवो न येवो.

मग दुर्वेकर वारला. ससे वारतात तसाच, काही विशेष न करता. त्याच्या मागे मुलं किती होती हे विचारू नका, मोजणारा मध्येच थकला. सगळी झाडाखाली येऊन रडली. थोरला म्हणाला, "काका, काळजी करू नका. आम्ही काय परके आहोत?"

कोल्हेवकील पुन्हा आले. धवलरावांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

आणि एका सकाळी घशात बेडूक अडकून धवलराव गेले. शुभ्राबाई तेव्हा अंड्यांवर बसल्या होत्या. तीन अंडी होती. त्यांना नीट रडताही आलं नाही. उठलं असतं तर अंडी थंड पडली असती.

सुतकाचे दिवस सरायच्या आत थोरला दुर्वेकर खाली येऊन उभा राहिला. सोबत भावंडांचा अख्खा कळप होता.

"काकू, वाईट वाटून घेऊ नका. आमच्यात वाटण्या व्हायच्यात. तेवढं झाड मोकळं करून द्या."

"अरे, तुझे बाबा म्हणायचे झाड आमचंच!"

"म्हणायचे, काकू. डरकाळी कुठे फोडली त्यांनी?"

प्रकरण न्यायाधीशांपुढे गेलं. न्यायाधीश हत्ती होते. त्यांनी सोंडेने कान साफ केले आणि शांतपणे ऐकून घेतलं. शुभ्राबाईंनी नवऱ्याचं मृत्युपत्र चोच वाजवून जसंच्या तसं सांगितलं.

"हा सुतारपक्ष्यांचा आवाज नोंदवू नका," हत्ती म्हणाले. मग निकाल दिला. "झाड सशांचं. घरटं झाडावर आहे. झाडावर जे असतं ते फळ. सबब, घरटं हे झाडाचं फळ समजण्यात यावं."

"आणि माझी अंडी?"

हत्तींना गहिवरून आलं. "अंडी तुमची, बाई. न्याय कठोर असतो, पण क्रूर नसतो. खुशाल घेऊन जा."

"घरटं सशांचं. मग कशात घालून नेऊ?"

"तो मुद्दा या न्यायालयापुढे नाही," हत्ती म्हणाले आणि जेवायला उठले. जमलेल्या माकडांनी न्यायदेवतेचा जयजयकार केला.

मला त्या हत्तीचा इतका राग आला होता, काय सांगू. पण गोष्ट सांगणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं.

त्याच सुमारास शुभ्राबाईंचे धाकटे दीर दलदलीतून आले. ते दर पावसाळ्यात येत, बेडूक खायला. यंदा जरा तोंड पाडून आले. शुभ्राबाईंना धीर आला. दलदलीतही त्यांचं एक जुनं घरटं होतं. पिल्लं उडायला लागली की त्यांना घेऊन तिकडेच जावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"भावजी, यांचं मृत्युपत्र तुम्ही स्वतः ऐकलं होतं ना?"

"ऐकलं होतं वहिनी. शब्द न् शब्द. सगळं तुम्हालाच आहे." दिरांनी बेडूक गिळला. "पण अडचण अशी की दादा गेला तो इकडे. इकडच्या मरणाची खात्री तिकडचे पंच मानत नाहीत. त्यांच्या लेखी दादा जिवंत आहे. आता जिवंत माणसाचं मृत्युपत्र कसं उघडायचं, तुम्हीच सांगा."

"मग घरटं कुणाकडे आहे?"

"सांभाळतोय मी. दादा आला की लगेच देतो. माझा शब्द आहे."

दोन मुलखांचे कायदे, आणि दोन्हीकडे शुभ्राबाई पाहुण्या.

शेवटी त्यांनी थोरल्या दुर्वेकराचे पाय धरले. तसा तोही दयाळू होता. त्यांनीच बांधलेल्या घरट्यात त्यांना भाडेकरू म्हणून ठेवायला तो तयार झाला. भाडं म्हणून नदीपलीकडचा कोवळा पाला आणायचा. सशांना नदी ओलांडता येत नाही ना. आणि ससे तर खंडीभर.

शुभ्राबाई पाला वाहू लागल्या. एक खेप टाकायची, उडत येऊन अंड्यांवर बसायचं, उठायचं, पुन्हा खेप. ससे पाला खाता खाता म्हणत, "परक्यांना किती सांभाळून घेतो बघा आपण." पूर आला तेव्हा नदी रुंद झाली आणि खेपा लांबल्या. दोन अंड्यांतून पिल्लं आली. तिसरं अंडं थंड पडलं ते पडलंच. शुभ्राबाई ते अंडं बरेच दिवस पोटाखाली घेऊन बसत होत्या.

पिल्लं उडायला लागली, त्या दिवशी थोरला वर मान करून म्हणाला, "काकू, आता बिऱ्हाड मोठं झालं. भाडं वाढवावं लागेल. नाहीतर वानरांकडून मागणी आहेच."

शुभ्राबाई खाली उतरल्या त्या पुन्हा वर गेल्या नाहीत. घरट्यात त्या दिवशीच वानरं राहायला आली.

मग शुभ्राबाईंनी काय केलं असेल? त्या थेट कोल्हेवकिलांकडे गेल्या.

"वकीलसाहेब, मृत्युपत्र करायचंय. दोन्ही मुलखांत चालेल असं. ह्यांची चूक मला पुन्हा करायची नाही."

वकील खूश झाले. म्हातारा वाघ आणवला. शुभ्राबाईंनी चोच वाजवली, वाघाने डरकाळी फोडली. दलदलीचे साक्षीदार आले, जंगलाचे आले. कुठे एक फट राहिली नाही. हत्तींनी स्वतः येऊन मान डोलावली आणि थोरला दुर्वेकरही साक्षीला उभा राहिला.

"आता शेवटचं," कोल्हेवकील म्हणाले. "या मृत्युपत्रान्वये मुलांना काय काय जातंय?"

शुभ्राबाईंनी पिल्लांकडे पाहिलं. मग सावरीकडे पाहिलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

"वा!" वकील म्हणाले. "मग याला कुणाचीच हरकत येणार नाही."

तात्पर्य: परमुलखात राहणाऱ्याने मृत्युपत्र वेळेवर करावं, असं मोठी माणसं सांगतात. तुम्ही त्यांचं मुळीच ऐकू नका. हाती काही शिल्लक असताना केलेल्या मृत्युपत्राने भांडणं लागतात. सगळं गेल्यावर केलं, की भाऊबंद, शेजारी आणि न्यायालय तिघेही आनंदाने साक्षीला येतात.