न भिजणारी पावडर

पावडरमास्तरांची बायको महिनाभरासाठी म्हणून लेकीच्या बाळंतपणाला गेली, त्याला आता पाचवा महिना लागला होता. तिकडे नातू पालथा पडायला शिकला आणि इकडे मास्तर उताणे पडून छत मोजायला.

मास्तर हे शाळेतले मास्तर नव्हेत. आग विझवायच्या लाल नळकांड्यांत पावडर भरणाऱ्या कारखान्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. आग कशी विझवावी हे ते झोपेतही सांगू शकत. पण बायकोला ‘परत ये’ कसं म्हणावं हे त्यांना ठाऊक नव्हतं. तशी वेळच आली नव्हती, कारण ती कधी कुठे गेलीच नव्हती.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. ती जेवणाचं विचारी, गोळ्यांचं विचारी, मग गॅलरीतल्या गुलाबाचं. दोन वर्षं त्याला एक कळी आली नव्हती, तरी तिचा जीव त्याच्यात. एकदा मास्तर बोलून गेले, की गुलाब सुकत चाललाय. ती घाबरलीच. म्हणाली, फोटो पाठवा, फारच असेल तर येऊन बघते. ‘येऊन बघते’ या दोन शब्दांवर मास्तरांनी दोन दिवस काढले. अडचण एवढीच, की गुलाब ठणठणीत होता.

तेव्हा मास्तरांना आपला धंदा आठवला. नळकांड्यातली ती फिकट पिवळी पावडर म्हणजे अमोनियम फॉस्फेट. आगीवर पडलं की वितळून निखाऱ्यावर काचेसारखा थर धरतं. तेच शेतात खत म्हणूनही जातं. चिमूटभर पडलं तर रोप तरारतं, जास्त झालं तर मुळं जळतात. मास्तरांनी मुदत संपलेल्या नळकांड्यातली पावडर डबाभर आणली, गुलाबाची मनातल्या मनात माफी मागितली आणि डबा कुंडीत उपडा केला.

आठवडा गेला. मास्तर रोज सकाळी चष्मा पुसून पानं तपासत, पण एकही पिवळं पडेना. पंधराव्या दिवशी तांबूस कोंब फुटले. महिन्याच्या आत अकरा कळ्या.

मग मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. पावडरीच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिच्या कणाकणाला सिलिकॉनचं अस्तर असतं. ती पाण्याला सहजी दाद देत नाही. नव्या कामगारांकडून हे त्यांनीच एकतीस वर्षं घोकून घेतलं होतं. पावडर वरच्या वर कोरडी बसून राहिली आणि रोज गुलाबाला सोसेल तेवढीच विरघळत गेली.

फोटो पाठवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. तो शेजारच्या काकूंनी पाठवला, खाली ‘भाऊजींच्या हाताला गुण आहे’ असं लिहून.

त्या संध्याकाळी बायको ‘छान’ एवढंच म्हणाली. पुढचे दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरांनीच लावला. लेकीने उचलला.

“बाबा, तुम्ही? आई, बाबांचा फोन आहे. स्वतः केलाय त्यांनी.”

बायकोचा आवाज कोरडा होता. “बरं चाललंय की तुमचं माझ्यावाचून. गुलाबसुद्धा माझी वाट बघत नाही.”

“मी त्याला मारायला गेलो होतो,” मास्तर म्हणाले.

“कुणाला?”

“गुलाबाला. तो सुकला असता तर तू आली असतीस. नळकांड्यातली पावडर ओतली त्याच्यावर.”

पलीकडे नातू कुरकुरत होता.

“किती ओतलीत?”

“पाऊण किलो.”

“पाऊण किलो,” ती म्हणाली. नवऱ्याने घडवलेल्या हाराचं वजन सांगावं, तसं तिने ते पुन्हा एकदा हळूच म्हणून पाहिलं. मग लेकीला हाक मारून बॅग काढायला सांगितली आणि फोनमध्ये म्हणाली, “उद्या सकाळच्या गाडीनं निघते. तोवर कशालाही हात लावू नका.”