गवताच्या मशीनची लाल फीत

यंत्राला बिघडण्यासाठी निदान एकदा तरी चालावं लागतं, असा सर्वसाधारण समज आहे. संस्थेतल्या यंत्रांना ही अट लागू नाही. संस्थेनं घेतलेलं गवत कापायचं मशीन आलं त्या दिवसापासूनच सुरू होत नव्हतं, त्यामुळे त्याच्या बिघाडात एक प्रकारचं सातत्य होतं. (सातत्य हे संस्थेच्या ध्येयांपैकी एक आहे. उरलेली ध्येयं फाटकाजवळच्या फलकावर आहेत, पण फलकापुढे गवत वाढल्यानं ती सध्या वाचता येत नाहीत.)

मशीन मात्र देखणं होतं. चार चाकं, स्टिअरिंग, पोटाखाली पाती आणि वर काळं गुबगुबीत आसन. माणसानं रुबाबात वर बसायचं आणि हिरवळीवरून फिरायचं. आसनावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं आणि त्यावरून आडवी लाल फीत बांधलेली होती, कारण उद्घाटन संचालकांच्या हस्ते व्हायचं होतं. संचालक फीत कापणार, पहिल्यांदा तेच आसनावर बसणार, आणि मग टाळ्या. त्यांची अट एकच होती: आधी मशीन सुरू करून दाखवा, मग मी येतो. मागे एका लिफ्टच्या उद्घाटनाला ते आतच अडकले होते आणि अख्खं भाषण त्यांना दाराच्या फटीतून करावं लागलं होतं. तेव्हा त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

मशीन सुरू करण्याची जबाबदारी देखभाल विभागाच्या प्रमुखांवर आली. विभागाला प्रमुख नसल्यानं ती प्रभारी प्रमुखांवर आली. यांना सगळेच प्रभारी म्हणत; रागावली की बायकोसुद्धा. डोक्यावर भरघोस केस होते तेव्हा ते तात्पुरते प्रभारी झाले होते. केस गेले, तात्पुरतेपण राहिलं. प्रमुखांची खुर्ची त्यांच्याच खोलीत होती, पण तिच्यावर ते कधी बसले नाहीत. शेजारी स्टूल घेऊन, मान तिरकी करून ते सह्या करत, आणि माणूस मर्यादा सांभाळून आहे, असं लोक कौतुकानं म्हणत. आता निवृत्ती तोंडावर आली होती. उद्घाटन निर्विघ्न पार पडलं की तुम्हाला कायम करतो, असा संचालकांनी शब्द दिला होता. दारावरचा पुठ्ठा जाऊन पितळी पाटी लागणार होती. पगारवाढीचं प्रभारींना फारसं काही नव्हतं. त्यांना ती पाटी हवी होती, आणि त्या खुर्चीत एकदा पाठ टेकून बसायचं होतं.

तपासणी शास्त्रशुद्ध पद्धतीनं सुरू झाली. प्रभारी मशीनच्या डाव्या अंगाला उभे राहत, फितीखालून हात घालत आणि अदबीनं किल्ली फिरवत. मशीन हूं की चूं करत नसे. पहिला संशय बॅटरीवर गेला, ती बदलली. मग पेट्रोल शिळं असावं असं ठरलं. ते काढून खरेदी अधिकाऱ्यांच्या स्कूटरमध्ये ओतलं, तर स्कूटर झकास पळाली. (स्कूटरची स्वतंत्र चौकशी प्रस्तावित आहे.) मग प्लग पुसला, फिल्टर झटकला, कार्बुरेटर खोलून पुन्हा जोडला. जोडल्यावर दोन स्क्रू उरले, ते अतिरिक्त साठा म्हणून भांडारात जमा केले. शेवटी सगळ्यांनी मिळून मशीन उतारावरून ढकललं. उतारावरची त्याची कामगिरी समाधानकारक आढळली.

एकूण प्रगती लक्षणीय होती. पूर्वी मशीन नुसतंच सुरू होत नव्हतं. आता ते का सुरू होत नाही याची सहा कारणं उपलब्ध होती. तपास समितीचे सदस्य रोज भोवती उभे राहत. एकदा खरेदी अधिकारी आसनाकडे बराच वेळ बघत राहिले, मग फितीकडे, मग आभाळाकडे, आणि चहा घ्यायला निघून गेले. गवत गुडघ्याला लागलं होतं.

शेवटी घरी एकदा प्रभारींनी बायकोपुढे सगळं रडगाणं गायलं. ती ओले कपडे पिळत होती.

"अहो, पण त्याच्यावर कुणी बसलं होतं का?" तिनं विचारलं.

"बसणार कसं? फीत आहे ना."

"मग कसं सुरू होईल? आपलं धुण्याचं मशीन झाकण उघडं असलं की फिरतं का? त्याच्या पोटात तर पाती आहेत. वर माणूस नसताना सुटलं म्हणजे?"

आपल्याला हे कधीचंच कळत होतं, फक्त कळून घ्यायची परवानगी नव्हती, असं प्रभारींना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बसण्याची रीतसर परवानगी मागितली. उत्तर तत्परतेनं आलं. प्रथम बसण्याचा मान उद्घाटकांचा आहे. उद्घाटन मशीन सुरू झाल्यावर होईल. तोवर आपण प्रयत्न उभ्यानंच चालू ठेवावेत.

एका सकाळी कचेरी उघडायच्या आत प्रभारी फीत वर करून तिच्याखालून शिरले आणि आसनावर बसले. प्लास्टिक करकरलं. किल्ली फिरवली, आणि पहिल्याच फटक्यात इंजिन धडधडायला लागलं. त्यांनी हळूच पाठ मागे टेकली. इतक्या वर्षांत नोकरीच्या जागी त्यांची पाठ कशालाही टेकली नव्हती. त्यांना भरून आलं, आणि इंजिनाच्या आवाजात ते हुंदके देऊन रडले. फाटकापर्यंत एक सरळ पट्टा कापला गेला, फलक मोकळा झाला आणि संस्थेचं दुसरं ध्येय दिसायला लागलं. ते 'धडाडी' असं होतं.

चौकशी त्याच दुपारी झाली.

"आपण बसलात?" संचालकांनी विचारलं.

"बसलो. म्हणूनच सुरू झालं."

नोंद पहिल्या शब्दापर्यंतच घेण्यात आली. प्रभारींची बदली भांडारात झाली, उरलेल्या दोन स्क्रूंची देखरेख करायला. तिथे स्टूलही नव्हतं. समितीच्या प्रत्येक सदस्यानं त्यांना एकेकटं गाठून सांगितलं, की आम्हालाही हे पहिल्यापासून कळत होतं. मशीनवर नवी फीत बांधली गेली आणि ते पुन्हा सुरू होईनासं झालं. प्रभारी निवृत्त झाले ते प्रभारी म्हणूनच. बायकोनं घरातली हातांची खुर्ची खिडकीपाशी ओढून दिली आहे. तिच्यात ते पाठ टेकून बसतात, पण मान अजून तिरकीच आहे.

संस्थेत आता प्रभारीची जागा रिकामी आहे. जाहिरात द्यायची नाही असं ठरलं आहे, कारण योग्य व्यक्ती सापडली आहे. आसन आणि फीत तुम्ही दुसऱ्याच परिच्छेदात पाहिलीत. घोडं कुठे अडलंय ते तुम्हाला त्या बाईंच्या आधी कळलं होतं. तरी अवाक्षर न काढता तुम्ही इथवर मजा बघत आलात. संस्थेला नेमका असाच माणूस हवा आहे. उद्यापासून या. स्टूल पुसून ठेवलं आहे.