वेंडेलची साडेचोवीस टक्क्यांची गाडी

मंगळवारी सकाळी वेंडेल स्टकीची जुनी व्हॅन कायमची बसली, आणि वेंडेलने ठरवलं की नवी गाडी घ्यायला बायको बरोबर लागतेच असं नाही.

आर्लीन म्हणाली होती, "शुक्रवारी मी सुट्टी काढते. आपण पतपेढीत जाऊ." पण पतपेढी म्हणजे पुन्हा तो क्रेडिट स्कोअर. आर्लीनचा सातशे नव्वद, वेंडेलचा चारशे अठ्ठ्याण्णव. (दोष त्याचा नव्हता. मित्राच्या कॅरिओके मशिनच्या धंद्याला तो जामीन राहिला होता. मित्र आता फ्लोरिडात आहे, मशीन वेंडेलच्या तळघरात.) टेबलापलीकडची माणसं आधी आर्लीनकडे कौतुकाने बघतात आणि मग त्याच्याकडे, हे त्याला पाठ झालं होतं.

म्हणून तो एकटाच गेला. लायमा गावाबाहेर जुन्या गाड्या विकणाऱ्या एका अड्ड्यावर भला मोठा फलक होता: 'क्रेडिट खराब? आम्हाला चालतं.' आयुष्यात प्रथमच कोणाला तरी वेंडेल चालत होता.

विक्रेत्याचं नाव डेल्बर्ट. त्याने कॉफी दिली, खांद्यावर हात ठेवला.

"ही हिरवी केवढ्याला?" वेंडेलने विचारलं.

"किमतीचं काय घेऊन बसलास? आठवड्याला किती झेपेल ते सांग."

"ऐंशी डॉलर?"

डेल्बर्टने कॅल्क्युलेटरवर बोटं नाचवली. "बघ, बरोब्बर ऐंशीच बसतात."

वेंडेलला वाटलं, काय योगायोग. साडेनऊ हजारांची गाडी, अडीच हजारांची वाढीव वॉरंटी, साडेचोवीस टक्के व्याज, पाच वर्षं. डॅशबोर्डखाली एक छोटी डबी बसवली. हप्ता चुकला की ती डबी गाडी सुरूच होऊ देत नाही.

"तुझ्यावर अविश्वास नाही हं," डेल्बर्ट म्हणाला. "तुझ्या स्कोअरवर आहे. आता ओळखीच्या पाच माणसांची नावं आणि फोन दे, तू सापडला नाहीस तर विचारायला."

चार नावं सुचली. पाचवं काही केल्या सुचेना, म्हणून त्याने सासूचं लिहिलं.

घरी आर्लीनने विचारलं, "व्याज किती लावलं?"

"सात टक्के."

"तुला?" ती म्हणाली. पण गाडीला नजर लागावी असा हिरवा रंग होता, म्हणून तिने विषय सोडला.

हप्ता शुक्रवारी पाचच्या आत. तीन शुक्रवार सुरळीत गेले. चौथ्या आठवड्यात सोमवारची सुट्टी मध्ये आली आणि वेंडेलच्या गोदामाचे पगार एक दिवस पुढे गेले. गाडीत डबी टुक्‌टुक् करू लागली. आर्लीनने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सीटबेल्ट."

शनिवारी सासूच्या धाकट्या बहिणीची अंत्ययात्रा होती. चर्चच्या आवारात शववाहिनी, तिच्यामागे जवळची म्हणून वेंडेलची हिरवी गाडी, तिच्यामागे एकतीस गाड्या. सगळ्यांचे दिवे लागले. शववाहिनी निघाली. वेंडेलने किल्ली फिरवली.

टुक्.

पुन्हा फिरवली. टुक्, टुक्.

"मावशी चालली, वेंडेल," आर्लीन म्हणाली.

"बॅटरी असेल."

शववाहिनी फाटकातून बाहेर पडून वळलीसुद्धा. मागे एकतीस गाड्या अदबीने उभ्या, कारण अंत्ययात्रेत हॉर्न कोण वाजवणार? तेवढ्यात मागच्या सीटवर सासूबाईंचा फोन वाजला. ओपलबाईंना ऐकू कमी येतं, त्या फोन स्पीकरवरच घेतात.

"नमस्कार, मी डेल्बर्ट. वेंडेल तुमच्या ओळखीचा ना?"

"दुर्दैवाने," ओपलबाई म्हणाल्या. "जावई आहे माझा. समोर बसलाय."

"कायद्याने मला कारण सांगता येत नाही, बाई. पण त्याची गाडी सुरू होत नसेल, तर का होत नाही ते त्यालाच विचारा."

ओपलबाईंनी फोन ठेवला. डोळे पुसायला काढलेला रुमाल घडी घालून पर्समध्ये टाकला. "वेंडेल, माझी बहीण एकटी निघाली स्मशानात. आता बोल."

वेंडेल बोलला. सगळं बोलला, ऐंशीपासून साडेचोवीसपर्यंत. आर्लीनने त्याच्या हातून फोन घेतला, आपल्या कार्डावरून ऐंशी डॉलर भरले, आणि मिनिटभराने गाडी मांजरासारखी गुरगुरली. शववाहिनीचा चालक पुढच्या सिग्नलपाशी थांबला होता. त्याने आरशात बघितलं होतं आणि मागे कोणीच नव्हतं.

"वीस हजार आठशे," स्मशानाच्या फाटकाशी आर्लीन म्हणाली. तोवर ती मनात हिशेब करत होती. "साडेनऊ हजारांच्या गाडीला."

"हप्ता मात्र ऐंशीच आहे," वेंडेल म्हणाला. ते त्याने म्हणायला नको होतं.

सोमवारी तिने आधी डेल्बर्टकडे जाऊन वॉरंटी रद्द करून घेतली. (डेल्बर्टने तिला कॉफी दिली नाही.) मग दोघं पतपेढीत गेले, जुनं कर्ज फेडून नवं काढायला. टेबलापलीकडच्या मुलीने दोघांचे आकडे घातले. आर्लीनकडे कौतुकाने बघितलं. मग वेंडेलकडे.

"दोघांच्या नावावर घेतलंत तर अकरा टक्के," ती म्हणाली. "बाईंच्या एकटीच्या नावावर सात."

"मग यांना काढा," आर्लीन म्हणाली.

"अगं, मी इथेच बसलोय," वेंडेल म्हणाला.

"बसा ना, काका," मुलगी मायेने म्हणाली. "बसायला आम्ही व्याज लावत नाही."