रावसाहेबांची उभी सभा

सकाळी आठला रावसाहेबांनी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात गॅसजवळ उभं राहून टाळी वाजवली. "चलो, उभे राहा! काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय? प्रत्येकी एक मिनिट."

"मी तीस वर्षं उभीच आहे," कौसल्याबाई पोळी उलटत म्हणाल्या. "आणि अडचण समोर उभी आहे."

"माझं पास, बाबा," क्रांती हसत म्हणाली. महिनाभर ती रोज 'पास'च म्हणत होती.

हे खूळ तीन दिवसांच्या 'अजाइल लीडरशिप' प्रशिक्षणातून आलं होतं. चपळ कार्यालयात सभा उभ्याने होते, म्हणून विभागप्रमुख रावसाहेबांनी पहिल्याच दिवशी बावीस खुर्च्या भांडारात पाठवल्या. भांडाराच्या फॉर्मवर जमा करण्याचं कारण एकच छापलेलं होतं: नादुरुस्त. त्यावर खूण झाली. सभा पंधरा मिनिटांत संपली आणि खुर्च्या परत मागितल्या, तर भांडारपाल अविनाश म्हणाले, "साहब, नादुरुस्त कुर्सी कैसे दे दूँ? पहले रिपेअर का सर्टिफिकेट लाइए."

दुरुस्तीवाले म्हणाले, "मोडलेलं काही दिसत नाही. दुरुस्त काय करू?"

शेवटी रावसाहेबांनी स्वतः एका खुर्चीचा पाय मोडला. आठवड्याने ती प्रमाणपत्रासह परत आली. ती विभागातल्या गुडघेदुखीच्या कुसुमावतींना मिळाली. अशा चार आल्या. स्वतःची खुर्ची त्यांनी यादीत सर्वांत शेवटी ठेवली होती.

"आज पाचवी मोडतो," म्हणत त्यांनी डब्याच्या पिशवीत पाना टाकला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचं हृदय थांबलं.

तिसऱ्या दिवशी सगळा विभाग घरी आला. "बसा ना," कौसल्याबाई म्हणाल्या. कुणी बसेना. महिन्याभराच्या सवयीने सगळे आपोआप गोल करून उभे राहिले. अविनाशनी घसा साफ केला.

"कल... अठारह कुर्सियाँ निकाल दीं. बिना फॉर्म. आज साहबवाली उनके कमरे में रखूँगा. अड़चन..."

गोलात पुढचा नंबर क्रांतीचा होता. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"पास," ती सवयीने म्हणाली. मग थांबली. स्वयंपाकघराच्या दारातून गॅसजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "माझं ऑफिस अकराला असतं, बाबा. आठला मी स्वयंपाकघरात फक्त तुमच्या टाळीसाठी यायचे."