विष्णूअण्णांची मनीऑर्डर

मनीऑर्डर परत आली की विष्णूअण्णांचा चेहरा खुलायचा. पोस्टमन गल्लीत वळला की ते ओट्यावरूनच विचारायचे, "नाय घेतली ना?"

"नाही घेतली."

"मग बस, चहा घे."

ही मनीऑर्डर जायची सिन्नरला, केशवकडे. मखमलाबादला दोघांचे मळे शेजारी. नाशिकच्या फुलबाजारात वीस वर्षं दोघं एकाच पाटीमागे बसले. मग एका लग्नसराईत हारांच्या पैशांवरून बिनसलं. केशव कोर्टात गेला आणि पुढे सिन्नरला जाऊन त्यानं टायर पंक्चरचं दुकान टाकलं. निकाल लागला : अण्णांनी केशवला अठराशे रुपये द्यावेत. अण्णा त्याच आठवड्यात पैसे घेऊन गेले.

केशव म्हणाला, "पैसे नको. चूक झाली म्हण."

"कोर्टानं पैसे सांगितलेत, चूक नाय सांगितली," म्हणून अण्णा परत आले.

तेव्हापासून दर एक तारखेला अठराशेची मनीऑर्डर. फॉर्मवर आधी दाव्याचा नंबर, मग दोघांची नावं. "नंबर टाकला की कायदेशीर हाय," हे त्यांचं पालुपद. हाताला अशी सवय लागली की भाचीच्या लग्नात आहेराच्या पाकिटावरही त्यांनी दाव्याचा नंबर टाकला होता.

मला हे बघवत नव्हतं. मी अण्णांच्या शेजारचा, तेव्हा कॉलेजात होतो, चळवळीची पत्रकं लिहायचो. फेडायला निघालेल्या माणसाला फेडू न देणं हासुद्धा जुलूमच, असं माझं मत होतं. आजही आहे.

"अण्णा, पैसे कोर्टात भरा. केशवकाकांना नोटीस जाईल. त्यांनी उचलले काय, न उचलले काय, तुम्ही सुटलात. पोस्टाच्या कमिशनातच मुद्दल संपत आलंय तुमचं."

"बघू की."

"दोन वर्षं बघताय."

"लय घाई बाबा तुला."

शेवटी अर्ज मीच लिहिला आणि त्यांना हाताला धरून कोर्टात नेलं. पैसे भरले, चलनावर शिक्का पडला. अण्णांनी चलन उलटसुलट करून पाहिलं.

"याच्यात खाली लिहायला जागा नाय?"

"काय लिहायचंय?"

"काय नाय. असंच."

केशवला नोटीस गेली. काही महिन्यांनी कोर्टानं देणं फिटल्याची नोंद केली. मी लढाई जिंकल्यासारखा हिंडत होतो. अण्णा मात्र ओट्यावर दिसेनासे झाले. पोस्टमन समोरून जायचा, त्याला कुणी हाक मारायचं नाही.

मग एका एक तारखेला ते मला पोस्टात दिसले. मनीऑर्डरचा फॉर्म भरत होते.

"किती?"

"पाच रुपये."

"अण्णा, आता काय राहिलंय द्यायचं?"

"काय नाय राहिलं."

त्यांनी फॉर्मवर हात ठेवला, पण मी वाचलं होतं. वर सवयीनं दाव्याचा नंबर. खाली निरोपाच्या जागेत : 'यंदा गुलाबाला भाव नाही. मोगरा बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे?'

आठ दिवसांनी पोस्टमन आला. मनीऑर्डर परत. अण्णा कितीतरी दिवसांनी ओट्यावर आले, फॉर्म उजेडात धरला आणि मला जवळ बोलावलं. निरोपाच्या ओळींखालून टायरनं काळ्या झालेल्या बोटाचा माग गेला होता, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

"बोट फिरवत वाचतो तो. पयल्या मनीऑर्डरपासून."

गुडघ्यापाशी डाग जरा जास्त गडद होता.

"बस रे," अण्णा पोस्टमनला म्हणाले, "चहा घे."