तीन बुधवारांची नोटीस

घरच्या कोलाच्यांची एलएलसी, म्हणजे छोटी कंपनी काढायची हे व्हर्नानं ठरवलं, तेव्हा तिच्या मनात काही म्हणजे काही वाईट नव्हतं. एकतीस वर्षं त्या गोड पावांचं पीठ व्हर्ना मळत आली आणि खसखशीचं सारण तिची मैत्रीण लुसील करत आली, तेही व्हर्नाच्याच स्वयंपाकघरात. लुसीलच्या सत्तराव्या वाढदिवसाला अर्ध्या मालकीचा कागद फीत बांधून तिच्या हातात ठेवायचा, असा बेत होता. तोवर सरकारी अर्जावर नाव आपलं एकटीचं टाकलं.

पण नेब्रास्कात कंपनी काढली की सलग तीन आठवडे पेपरात नोटीस द्यावी लागते. आणि आमच्या गावातली माणसं साप्ताहिक उघडलं की आधी कोण गेलं ते बघतात, मग नोटिसा वाचतात. हे ही बाई साफ विसरली. कमाल आहे!

पहिली नोटीस आली त्या बुधवारी दुपारीच फोन वाजला.

"मालकीणबाई आहेत का?" लुसील.

"अगं, असं काय बोलतेस?"

"कंपनी तुझी. आम्ही आपले सारण ढवळणारे."

"थोडा धीर धर ना. तुझ्या वाढदिवसापर्यंत..."

"माझा वाढदिवस-बिढदिवस मध्ये आणू नकोस!" फोन आपटला.

तेव्हाच सगळं सांगून टाकलं असतं तर! पण गंमत फुकट घालवायची नाही, हा व्हर्नाचा हट्ट. ती तडक साप्ताहिकाच्या संपादकाकडे गेली.

"क्लेटन, ती नोटीस थांबव."

"नाही थांबत, व्हर्ना. तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे. कायदा आहे."

दुसऱ्या बुधवारी तीच नोटीस आली आणि गावाला वाटलं, बाईनं आणखी एक कंपनी काढली. चर्चमध्ये लुसील तीन बाकं मागे जाऊन बसली. व्हर्नानं एकटीनं सारण करून पाहिलं. नवऱ्यानं एक घास खाऊन "छान आहे" म्हटलं आणि उरलेलं कुत्र्यापुढे टाकलं. कुत्र्यानंही ते हुंगून सोडलं. व्हर्ना ओट्याशी उभी राहून रडली.

तिसऱ्या बुधवारी तिच्या नोटिशीखाली नवी नोटीस होती: 'लुसीलचं सारण, एलएलसी.'

रविवारी वाढदिवस. व्हर्ना फीत बांधलेला कागद घेऊन लुसीलच्या दारात उभी राहिली. लुसीलनं तो दोनदा वाचला. तारीख पाहिली. पहिल्या नोटिशीच्या आधीची.

"आधी बोलायला काय झालं होतं, मूर्ख बाई?"

"तू तरी विचारायचंस."

सोमवारी सकाळी लुसील क्लेटनपुढे उभी. "माझी नोटीस काढून टाक."

"तीन आठवडे, लुसील," क्लेटन म्हणाला.

पुढचे दोन्ही बुधवार गाव सांत्वनाला आलं. व्हर्नाच्या स्वयंपाकघरात दोघी शेजारीशेजारी पाव भरत होत्या, तरी येणारी प्रत्येक बाई एकेकीला बाजूला घेऊन म्हणायची, "फार वाईट झालं हो, इतकी जुनी मैत्री!" पेपरात आलंय म्हटल्यावर डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतो?

शेवटची बाई गेल्यावर लुसील पुन्हा सारण ढवळू लागली.

"व्हर्ना, माफी मागितली तर तीही तीन आठवडे छापतात का गं?"

"जाऊ दे गं, एवढ्यानं काय होतंय," व्हर्ना म्हणाली आणि पीठ पुढे सरकवलं.