दिगूभाऊचं खोकं

आमचा शेजारी दिगूभाऊ जन्मात कोणतीही वस्तू एक घेत नाही. दात घासायचा ब्रश आणायला गेला तर अख्खं पुडकं घेऊन येतो. एकदा त्याच्याकडे पाहुणा आला, दारातच त्याची चप्पल तुटली, तर यानं विचारलं, "सात नंबर का आठ?" घरात दोन्ही होत्या! अमरावतीत त्याचं फुलांचं दुकान आहे, चांदूर रेल्वेला मळा आहे, पण बुडाखाली भिंगरी. बसल्या जागी पाय हलवतो, मग उठतो, अन् मला ओढत अकोल्याच्या थोक बाजारात नेतो. "थोकात घेतलं की सस्तं पडते, मास्तर." मी भरपूर सुट्ट्या असलेला शाळामास्तर, त्यामुळे त्याला फुकटात सापडतो.

तर दुसऱ्या बाळंतपणात वर्षावहिनी, म्हणजे त्याची बायको, जाता जाता वाचली. डॉक्टरीणबाईंनी दिगूभाऊला समोर बसवून सांगितलं, "आता तिसरं नको. दिवस गेले तर ही हातची जाईल. हिच्या अंगात ऑपरेशनपुरतंही रक्त नाही. तुम्हीच नसबंदी करून घ्या."

दिगूभाऊ सारा दिवस गुलाबाचे काटे टोचून घेतो, पण दवाखान्यातली सुई पाहिली की डोळे पांढरे करतो. "बापा! सुई? दुसरं काई सांगा ना." बाईंनी दुसरं सांगितलं.

आता गल्लीच्या तोंडालाच औषधाचं दुकान. पण ते वहिनीच्या सख्ख्या भावाचं, प्रशांतचं. "साळ्याले कंडोम कसा मांगू, मास्तर? जीभ उचलते का?"

"मग दुसऱ्या दुकानात जा."

"किती डाव जाऊ? एकदाच थोकात आणू. सस्तंई पडते."

निघालो अकोल्याला. दुकानदारानं हे एवढं खोकं बांधून दिलं. परतताना एसटीत कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?" दिगूभाऊ म्हणाला, "बिस्किटं." झालं! मूर्तिजापूरला एक म्हातारी रडका नातू घेऊन चढली अन् म्हणाली, "दे ना बापा एक पुडा, लेकरू भुकेलं हाय." दिगूभाऊ खोकं छातीशी धरून बडनेऱ्यापर्यंत मागच्या दाराशी उभा. सारी बस त्याला कंजूष म्हणून राहिली होती अन् मी खिडकीबाहेर पाहत होतो. याच्यासोबत येऊन माझीच अक्कल चरायला जाते.

घरी आईला अन् पोरींना दिसू नये म्हणून खोकं माळ्यावर गेलं, टिनाच्या छपराखाली. तेव्हा थंडी होती. मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा, म्हणजे ऊन मी म्हणत होतं.

एका सकाळी दिगूभाऊ दारात. तोंड उतरलेलं.

"मास्तर, फाटलं."

मी त्याच्या शर्टाकडे पाहिलं.

"शर्ट नाई बे!"

फाटून चार-पाच दिवस झाले होते, पण तो कोणाला बोललाच नव्हता. आम्ही माळ्यावर चढलो. टिन हाताला चटके देत होतं. खोक्यातली दोन-चार पाकिटं फोडून पाहिली, तर आतलं रबर चिकटून ताणल्याबरोबर तुटत होतं. मी भडकलो. "लेका, गुलाबाले ओल्या बारदान्यात निजवतं, अन् हे टिनाखाली?"

"फूल कोमेजलेलं दिसते, मास्तर. मले वाटलं हे रबर हाय, टायरासारखं टिकते."

डॉक्टरीणबाई चिडल्या. तेव्हाच यायचं होतं, गोळी देता आली असती, म्हणाल्या, आता पाळीच्या तारखेची वाट पाहा.

ती वाट पाहणं म्हणजे सगळ्यांच्याच जिवाला घोर. दिगूभाऊ पाणी मारलेल्या फुलांवर पुन्हा पाणी मारी. नवरदेवाचा हार अर्धा ओवून उठून जाई. दिवस गेले का ते पाहायच्या पट्ट्या त्यानं कुठूनतरी थोकात आणल्या, अन् रोज सकाळी वहिनीच्या मागे. "ही नाई म्हणते. पण दुसरी काय म्हणते पाहू." शेवटी वहिनी अंगणात ओरडली, "अवो, धाकानंच मारता का मले?" मग माझ्या बायकोजवळ बसून रडली. "पोरी लहान हायेत वो माह्या," एवढंच म्हणत होती. मलाही त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अन् एका सकाळी वहिनीनं कुंपणावरून माझ्या बायकोला हसून हात केला. सुटलो! मी पेढे मागायला दिगूभाऊच्या दुकानात गेलो, तर दुकान बंद. कुठे उलथला म्हणून फोन काढला, तर त्याचाच फोन.

"मास्तर, गाडी घेऊन सरकारी दवाखान्यात ये. अन् परत येतानी हळू चालवजो."

बाकावर बसला होता, पांढराफटक. नसबंदी करून घेतली होती.

"सुई पाहिली?"

"पाह्यली. नर्सबाईचा हात धरून रडलो. वर्षीले सांगजो नको."

गाडीवर मागे तो पहिल्यांदाच न हलता बसला. गल्लीच्या तोंडाशी मात्र म्हणाला, "थांबव." फेंगडा चालत प्रशांतच्या दुकानाची पायरी चढला. दुकानात ओळखीची चार माणसं, गल्लीतल्या दोन आत्याबाया.

"प्रशांत, कंडोमचं पाकीट दे. एक. डॉक्टर म्हणे, आणखी तीन महिने जपा लागते. तारीख पाहून दे."

प्रशांत कानापर्यंत लाल. पण शेवटी दुकानदार. खाली मान घालून पुटपुटला, "भाऊजी, मोठा डबा घ्या ना. सस्तं पडते."

मी मनात म्हटलं, आता हा डझनाचा भाव विचारणार.

"मले सस्तं नाई पायजे रे," दिगूभाऊ म्हणाला. "मले तुही बहीण जिती पायजे."